विरजणाची वाटी

वरठीला आमच्या शेजारच्या काकू प्रत्येक वाक्याआधी "ऐक वो बाई" म्हणतात. पंचेचाळिशीत पाळी मागेपुढे होऊ लागली, तशी मी कधी घरच्यांवर ओरडायची, कधी उगाच रडायची. तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी वाटी घेऊन विरजण मागायला येऊ लागल्या.

एकदा म्हणाल्या, "ऐक वो बाई, मले बी असंच होत होतं. मी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या, माह्या बहिणीनं नाही घेतल्या. डॉक्टरीनले दाखव, मंग तुह्यं तू ठरव."

भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे त्याच सोबत आल्या. सगळं समजून घेऊन मी गोळ्या सुरू केल्या. आता बरं आहे.

परवा त्यांच्या घरी गेले, तर घट्ट दह्याचं गाडगं काठोकाठ भरलेलं.

"मंग काकू, विरजण काहून मांगत होत्या?"

"ऐक वो बाई, तुले रोज पाहाले याचं, त काही कारण लागते नं!"