शंभराच्या आत

मी फाटक ढकललं की ती आधी पदराला हात पुसायची आणि विचारायची, "दादा, किती झालं?" ऊन किती आहे, पाणी देऊ का, हे सगळं नंतर. आधी आकडा.

मुरुडच्या बाजूच्या गावांत मी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचो. आता तिकडे आपोआप आकडा पाठवणारे मीटर बसलेत आणि माझं कंत्राटी काम गेलं. ही त्याच्या थोडी आधीची गोष्ट. तुमच्याकडेही असा माणूस येऊन गेला असेल. त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही, पण तो बरंच बघत असतो. कुणाकडे नवा एसी आला, कुणी मीटरच्या अलीकडेच वायर टोचली. या बाईच्या डोळ्याखाली अधूनमधून निळं दिसतं, हेही मी बघितलं होतं. बघायचो, मीटरचा फोटो काढायचो आणि पुढच्या घरी जायचो.

तिचा नवरा होडीवर तांडेल होता. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे तोच ठरवायचा. घरातही तसंच. विजेवर चालणारं म्हणजे दोन दिवे, पंखा, टीव्ही आणि तिच्या भावाने दिलेला एक जुना फ्रिज. त्या फ्रिजमध्ये ती पिशव्या भरून बर्फ करायची आणि सकाळी मासळीवाल्या बायकांना विकायची. महिन्याला विजेचे पहिले शंभर युनिट स्वस्त असतात, त्याच्या वर दर चढतो. नवऱ्याचा हुकूम होता, आकडा शंभराच्या आत राहिला पाहिजे. वर गेला की तो तिला मारायचा.

त्यामुळे विजेतलं तिला साहेबापेक्षा जास्त कळायचं. फ्रिज किती वेळ बंद ठेवला तर बर्फ वितळत नाही, पंखा कितीवर ठेवला की किती खातो, सगळं तोंडपाठ. शेजारच्या लॉजचा मीटर बघून एकदा म्हणाली, "ह्यांचा गिझर चालू राहिलाय कुठंतरी." खरंच राहिला होता. तिला खात्यात घ्या, असं मी साहेबांना म्हणालो. साहेब हसले नाहीत.

एकदा मी तिला पटवून द्यायला गेलो, की जास्तीचं बिल भरूनही बर्फाचे पैसे कितीतरी वर उरतात.

"मला म्हाईत हाय, दादा," ती म्हणाली. "त्यालाबी म्हाईत हाय. पण बिल त्याच्या हातात येतं, आन बर्फाचं पैसं माझ्या."

त्या मे महिन्यात मला ताप आला आणि मी तिच्याकडे पाच दिवस उशिरा पोचलो. आकडा एकशे बारा निघाला.

"शंभराच्या आत लिवा ना."

"मी लिहीत नाही, वहिनी. फोटो जातो."

"मंग उद्या या."

"उद्या अजून वाढेल."

यावर आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. वाढीव दिवसांचा हिशेब ऑफिस धरतं, दर चढणार नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "त्याला आकडा दिसतो फकस्त."

जूनमध्ये गेलो तेव्हा पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू झाली होती आणि होड्या वर ओढलेल्या होत्या. ती पडवीत बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, पुढचे दोन दात नाहीत. अंगणात फ्रिज आडवा पडला होता. दार उपटलेलं, पत्रा कुऱ्हाडीने फाटलेला, आणि आत कोंबडी बसलेली.

"आधी फ्रिज फोडला," ती म्हणाली. "मी आडवी गेले. मंग हात उंबऱ्यावर धरला न् मुसळ घातलं." काल बाजार बंद होता म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

नवरा मागच्या बाजूला जाळं विणत होता. मी हाक मारून त्याला बोलावलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होतो. "आकडा माझ्यामुळे वाढला," मी म्हणालो. "मी पाच दिवस उशिरा आलो. त्यांचा काही दोष नव्हता."

त्याने हातातली सुई नीट भिंतीत खोचली. मग माझी कॉलर धरली आणि माझं तोंड मीटरच्या पेटीवर आपटलं. एकदा, दोनदा. नाक मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

"तू मीटर बघ," तो म्हणाला. "घर बघू नको."

मी खाली पडलो. त्याने पोटात लाथ घातली, दुसरीसाठी पाय मागे घेतला, आणि तेवढ्यात तो स्वतःच कोसळला. भिंतीला टेकवलेलं वल्हं तिने चांगल्या हाताने उचलून त्याच्या कानावर घातलं होतं. तो उठायला लागला तेव्हा तिने गुडघ्यावर घातलं. मग पाठीवर, मग पुन्हा गुडघ्यावर. ओरडली नाही, शिवी दिली नाही. एका हाताने वल्हं पेलत नव्हतं, म्हणून ते दर वेळी छातीशी टेकवून, श्वास घेऊन उचलत होती. मला तिला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो आहे.

शेवटी त्याने दोन्ही हात वर केले आणि तिला नावाने हाक मारली. तेव्हा ती थांबली.

पोलीस ठाण्यात ती स्वतः चालत गेली. माझ्या नाकात कापूस कोंबलेला होता. हवालदारांनी विचारलं, "याआधी कधी मारहाण दिसली होती?"

मी मोबाईल काढला. बिलावरून भांडणं होतात म्हणून फोटो मी माझ्याकडेही ठेवत असे. तिच्या पडवीत मीटरसमोर जुन्या जाळ्यांचे तुकडे टांगलेले असायचे, आणि मला फोटो काढता यावा म्हणून ती ते हाताने बाजूला धरायची. त्यामुळे दर महिन्याच्या फोटोत आकड्याशेजारी तिचा हात होता. एका महिन्यात बोटं सुजलेली. एका महिन्यात मनगटाला डाग दिल्यासारखं. एकात नख नाही.

हवालदारांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सगळे फोटो पाहिले.

"एवढं बघून तुम्ही काय केलंत?"

"रीडिंग घेतलं," मी म्हणालो.

तिच्या नवऱ्याचा एक कान कायमचा गेला. गुडघा वाकेना, तेव्हा होडीवर दुसरा तांडेल आला. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, आणि पुढे गावाने बसून त्या मिटवायला लावल्या. नवऱ्याकडे परत जायला मात्र ती तयार झाली नाही. दिवाळीनंतर मुंबईहून भावाचा निरोप आला, ये म्हणून. रेवसच्या धक्क्यापर्यंत मी तिला मोटारसायकलवरून सोडलं.

लाँच यायला वेळ होता. आम्ही उभे राहिलो. बराच वेळ मनात घोळवून मी म्हणालो, "वहिनी, मी आधीच बोलायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच. माझी समजूत घालायला ती गेली नाही, आणि ते बरोबरच होतं.

वारा सुटला होता. तिचा अंबाडा सुटून केस तोंडावर आले. तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि केस बांधायला दोन्ही हात वर केले, पण डावा हात मानेमागे पोचेना. कोपर वाकडं जुळलं होतं. रबर दातात धरून, मान खाली घालून तिने एकाच हाताने केस गोळा करायचा प्रयत्न केला. दोनदा. मी पिशवी धरून बघत राहिलो. मग तिने रबर मनगटात अडकवलं, माझ्याकडून पिशवी घेतली आणि मोकळ्या केसांनी ओल्या पायऱ्या उतरून लाँचवर चढली.