मूर्तीसारखं शांत बाळ

माझं पाणी गेलं ते मी दिवसभर कुणाला सांगितलंच नाही. बाळंतपणाला हमरापूरला माहेरी आले होते, तिथे गणपतीच्या मूर्तींची घाई, शेडमध्ये सगळे पुरुष रंगाला बसलेले. असलं त्यांच्यासमोर बोलायचं नाही, एवढं शहाणपण मला चौथीपर्यंतच्या शाळेत न शिकवताही आलं होतं. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्यावर आईला सांगितलं, तेव्हा पेणच्या दवाखान्यात नेलं. मुलगा झाला. लगेच दुसऱ्या सकाळी घरी आणलं, कारण रंगवायला हात कमी पडत होते.

दुपारपासून बाळ रडेना, अंगावर पिईना, श्वास घेताना कण्हायचं. काकीला त्याचं कोण कौतुक!

"काय गो गुणाचा पोर! मूर्ती जशी. रडं नाय, कटकट नाय."

वर्षभर मूर्ती बघणाऱ्यांना हलतं बाळ कशाला आवडेल?

"गार लागतोय गो आई. दवाखान्यात नेऊ या."

"पाचवी पुजल्याबिगर पोराला उंबऱ्याभायेर काढत नाय," आई म्हणाली.

दवाखान्यातून घरी आणलेलं सटवाईला चाललं होतं. घरून दवाखान्यात नेलं की मात्र ती रागावणार होती.

दारातून मूर्तींचा टेम्पो पेणला निघाला होता. मी बाळ घेऊन पुढे चढले. मागे मूर्ती पेंढ्यात नीट गुंडाळलेल्या. माझ्या लेकराला एक जुनं फडकं.

"पाणी गेल्यावर इतका वेळ घरी काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाळाच्या रक्तात जंतू गेला होता. हा जंतू पुष्कळ बायकांच्या अंगात असतो, बाईला कळतही नाही, त्या म्हणाल्या. पाणी जाऊन वेळ गेला की बाळाला लागण्याची भीती वाढते. बाळाला कितीतरी दिवस इंजेक्शनं दिली. वाचला.

"पुढच्या वेळी पाणी जाताच या, आणि हे सांगा. बाळंतपणात तुम्हालाच औषध द्यावं लागेल."

रोह्याहून आलेल्या सासूबाईंनी यातलं एवढंच उचललं, "म्हणजे तुझ्याच अंगातला रोग. चारचौघांत बोलू नकोस हो." नातू वाचला ते त्यांच्या घराण्याचं पुण्य, जंतू तेवढा माझ्या माहेरचा.

दोन वर्षांनी रोह्यात सकाळीच पाणी गेलं.

"कळा तर येऊ देत. आधी जेवून घे," सासूबाई म्हणाल्या.

मी चपला घातल्या. दवाखान्यात सिस्टरना मोठ्यानं सांगितलं, "माझं पाणी गेलंय. पहिल्या बाळाला जंतू लागला होता." सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. मला आत घेऊन लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं. मुलगी धडधाकट झाली. तरी दोन दिवस इथेच ठेवून तिच्यावर लक्ष ठेवा, असं मीच म्हटलं.