हीटर एकदम ओके आहे!

इकडे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत, भाड्याच्या घरांच्या एजन्सीत मी गॅसची सर्टिफिकेटं तपासतो. दर दोन वर्षांनी गॅसफिटरने हीटर, शेगडी बघून सही करायची; त्या कागदात काही गडबड नाही ना, हे मी बघायचं. अशा कामात किस्से आपोआप साचतात. पार्टीत सांगितले की लोक पोट धरून हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

*

एक घरमालक पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. सर्टिफिकेट मागितलं तर स्वतःच्या लेटरहेडवर ‘हीटर उत्तम’ असं लिहून, शिक्का मारून पाठवलं!

“काका, लायसन्सवाला गॅसफिटर लागतो.”

“अरे, सेल्फ-अटेस्टेड आहे ते! डिग्रीची झेरॉक्सपण जोडलीये!”

*

दुसऱ्या एका सर्टिफिकेटवर शेगडी पास, हीटर पास, गिझर पास. फाइल उघडली तर घरात सगळं विजेवर, गॅसचं कनेक्शनच नाही! मी त्या गॅसफिटरला फोन लावला.

“नो वरीज, मेट. मग तर डबल सेफ!”

*

एका आयटीवाल्याने भिंतीतल्या गॅस हीटरच्या कोनाड्यात देवघर मांडलं होतं. आमचा गॅसफिटर निक बिचारा दारात उभा.

“देव हलवायचे तर चतुर्थीनंतर या,” आयटीवाला म्हणाला. “आम्ही हीटर लावतच नाही, स्वेटर घालतो!”

त्या हिवाळ्यात धोका नाही अशी मला खात्री वाटावी असा तो एकच हीटर.

*

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, डँडेनॉन्गला निकबरोबर मी गेलो होतो. भाडेकरू मीनल, मुंबईची. घर लख्ख, टेबलावर पोहे. आम्हाला थंडी वाजू नये म्हणून सकाळपासून हीटर चालू.

“एकदम ओके आहे हीटर! आमची काहीच कम्प्लेंट नाही!” हे ती तीनदा म्हणाली. कम्प्लेंट केली की घर जातं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती मला घाबरत होती. मला लाज वाटली.

निकने खिडक्या लावल्या आणि ओट्यावरचा एक्झॉस्ट फुल केला, आपण फोडणीच्या वेळी करतो तसा. अशा वेळी बिघडलेल्या हीटरचा विषारी वायू बाहेर न जाता घरात ओढला जातो. त्याला वास नसतो. निकच्या हातातलं मीटर ओरडायला लागलं. त्याने गॅस बंद केला, धडाधड खिडक्या उघडल्या.

“दादा, तुम्ही आपलेच ना?” मीनल हळूच म्हणाली. “पास लिहा ना. परत घर मिळायचं नाही हो आम्हाला.”

मी काही बोलणार, तेवढ्यात निकचं लक्ष सोफ्याकडे गेलं. तिची चार वर्षांची मुलगी ब्लँकेटमध्ये गाढ झोपली होती.

“वेक हर अप! नाऊ!”

“असू दे हो, झोपू दे,” मीनल हसून म्हणाली. “हीटर लावला ना, की तिला इतकी छान झोप लागते!”