उजेडाचे वैरी

अख्ख्या पुण्यात उजेडाचा एवढा द्वेष करणारा माणूस दुसरा नसेल, आणि तोच नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी शिरलं तरी चपला चाचपडत काढाव्या लागत. बरोबरीचे मित्र संगणकाच्या नोकऱ्यांत शिरून दुसऱ्या फ्लॅटचे हप्ते भरत होते, तेव्हा हे प्रयोगशाळेत, आणि संध्याकाळी-सुट्टीला घरीही, नखाएवढ्या काचेवर डोळ्यांना न दिसणारे कण पसरून बसलेले. त्या काचेवर प्रकाश टाकला की बारीकशी वीज वाहायची. आणि वर ठेवलेल्या रक्ताच्या थेंबात प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूण असणारं प्रथिन वाढलेलं असलं, की ते कणांना चिकटून वीज घटायची. म्हणजे घटायला हवी होती. बाहेरचा कवडसा आत आला की सगळं बिघडे, म्हणून पडदे. आणि साध्या द्रावणात नेमकं उत्तर देणारं यंत्र खऱ्या रक्तात भरकटे, म्हणून नातेवाईक.

दिवाळीला आम्ही सदाशिव पेठेत सासऱ्यांकडे जमत असू. बाहेर पणत्या लागल्या की हे न्हाणीघराच्या दाराला काळं कापड लावून घरातल्या एकेका पुरुषाला आत बोलवत आणि बोटाला सुई टोचत. एकदा तर जिन्यातला आकाशकंदीलही उतरवून ठेवला. "शेजारच्यांचे जावई सासऱ्यांना अमेरिका दाखवतात," सासरे बोट पुढे करत म्हणायचे, "आमचे न्हाणीघर दाखवतात."

एका दिवाळीला आम्हा सगळ्यांची उत्तरं एका ओळीत आली. निरोगी माणसांची तशीच यायला हवीत. फक्त सासऱ्यांची वीज धाडकन खाली. साडूंनी काच बदलली, थेंब बदलला, पुन्हा तेच. "बाबांचं रक्तच तिरकस आहे," ते वैतागून म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो, सासरे सर्वांत जास्त. रोज पर्वती चढणारा ठणठणीत माणूस. यंत्राची चूक म्हणून साडूंनी आलेखातून तो एक ठिपका वगळला. आलेख देखणा झाला, शोधनिबंध छापून आला, आणि पेढे सासऱ्यांनीच वाटले.

पुढच्या दिवाळीआधी त्यांची पाठ दुखू लागली. डॉक्टरांना कळलं तोवर आजार प्रोस्टेटमधून हाडांत पोचला होता. साडू पलंगाशी मान खाली घालून उभे. सासरे म्हणाले, "जावईबापू, आपलं यंत्र खरं बोलत होतं. आपणच त्याला गप्प बसवलंत." मग म्हणाले, "चांगलं बनवलंय हो यंत्र." मला वाटतं, साडूंना हे दुसरं वाक्य जास्त लागलं.

सासरे गेले. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आता पडदे नाहीत. दुपारी डोळे दिपतात. गेल्या दिवाळीला सदाशिव पेठेत जमलो, तेव्हा मीच बोट पुढे केलं. "घ्या साडूभाऊ, यंदा कुणी हसणार नाही."

त्यांनी माझं बोट हलकेच माझ्याच मुठीत दुमडून मला परत दिलं. "यंत्रावर माझा विश्वास आहे हो," ते म्हणाले. "त्याचं उत्तर वाचणाऱ्यावर नाही."

मग ते जिन्यात आकाशकंदील टांगायला गेले. दिवा लावून झाल्यावरही बराच वेळ त्याच्या खाली उभे होते.