बकुळताईंच्या हातात न चालणारी गाडी

यज्ञेश्वररावांनी बायकोला कधी कशाला नाही म्हटलं नाही, अशी काशीतल्या सामने घाटच्या कॉलनीत त्यांची ख्याती होती. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आवाज कधी चढायचा नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट्याने जेवणारा. शेजारणी बकुळताईंना म्हणायच्या, "बड़ी भाग वाली हो, दीदी." बकुळताईही हसून मान डोलवायच्या. आज ते आठवलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि जावीच.

बकुळताई मूळच्या दुर्गाघाटच्या. घर वैदिकांचं, पण या मुलीचा जीव मंत्रांपेक्षा वीज आणि चुंबकात. मुलींच्या इंटर कॉलेजात त्यांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर काशीतली माणसं कथा-प्रवचन धरतात. यांनी गाडी शिकायला घेतली. त्यालाही कारण होतं. गंगेपलीकडे, रामनगरच्याही पुढे, शेतांच्या मधोमध एक मुलींची शाळा आहे. तिथे विज्ञानाला शिक्षक टिकत नव्हता. दहावीच्या पोरी पुस्तकातले प्रश्न तोंडपाठ करून परीक्षेला बसत होत्या. बकुळताईंनी आठवड्यातून तीन सकाळी तिथे शिकवायचं कबूल केलं. रामनगरच्या चौकापर्यंत ऑटो मिळतो, पुढे सगळी ऑटोवाल्याची मर्जी. सवारी भरली तर निघेल, नाहीतर बसा. पहिला तास गाठायचा तर गाडी हवीच.

गाडी घरात होतीच. नावावर बकुळताईंच्या, चालवायचे यज्ञेश्वरराव. "शीक की," ते म्हणाले होते. "मी कशाला नाही म्हणू?" आणि बकुळताई शिकल्या, लायसन्सही मिळालं, पहिले काही दिवस पूल ओलांडून शाळेत गेल्या. एकदा फाटकाला जरासं घासलं, तेवढंच. फाटक या शहरात कुणाचं घासलेलं नाही, दाखवा.

त्यानंतर गाडीला काय झालं कोण जाणे. बकुळताईंनी किल्ली फिरवली की इंजिन नुसतं घरघरायचं, चालू व्हायचंच नाही. दोनदा, तीनदा, दहादा. मग यज्ञेश्वरराव पंच्याने हात पुसत बाहेर यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "सरक जरा." त्यांचे पाय लांब, म्हणून बसताच सीट मागे ढकलायला हात खाली घालायचे, किल्ली फिरवायचे, आणि गाडी शहाण्यासारखी चालू व्हायची. ते काही टाकून बोलायचे नाहीत. उलट समजूत घालायचे. "होतं असं. प्रत्येकाचा हात असतो. पण समज, पुलाच्या मध्यावर बंद पडली तर? मागे ट्रक, पुढे ट्रक. चल, आज मीच सोडतो." ज्या दिवशी त्यांना सोडायला जमायचं नाही, त्या दिवशी बकुळताई घरी बसायच्या, किंवा ऑटोने दुसऱ्या तासाला पोचायच्या.

वर्कशॉपवाल्यांनी गाडी ठेवून घेतली आणि काही बिघाड नाही म्हणून परत पाठवली. पाठवणार नाही तर काय? न्यायला यज्ञेश्वररावच जायचे. शेजारचे बिंदुमाधवशास्त्री म्हणाले, नजर लागली आहे, शनिवारी लिंबू बांधा. बकुळताईंनी लिंबू बांधलं नाही, पण त्यांच्या मनाने मात्र घेतलं. क्लच आपल्याकडून पुरता दाबला जात नसेल, या शंकेने डावा पाय त्या डॉक्टरांना दाखवून आल्या. पाय ठणठणीत आहे, वयाने कधी कधी पकड कमी होते, असं डॉक्टर म्हणाले. तो निकाल ऐकून घरी आल्यावर त्या रडल्या. यज्ञेश्वररावांनी तेव्हा पाणी आणून दिलं होतं, पाठीवर हात फिरवला होता. तो पाण्याचा ग्लास बकुळताई आता विसरणार नाहीत.

शाळेच्या प्राचार्या उपाध्याय मॅडम बोलायला भल्या, पण त्यांच्याही डोक्यावर कमिटी होती. "आज के बाद एक बार भी पहला पीरियड गया, तो कमिटी किसी मोटरसाइकिल वाले मास्टर को रख लेगी," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. आणि नेमक्या पुढच्याच सकाळी गाडी पुन्हा अडली.

त्या दिवशी "सरक जरा" म्हणायला कुणी नव्हतं. नागपूरच्या पाहुण्यांना दशाश्वमेधावर स्नानाला घेऊन यज्ञेश्वरराव पहाटेच गेले होते. बकुळताईंनी किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं, थांबलं. कपाळाला हात लावून बसावं असा क्षण होता. पण आज घरात कुणी समजूत घालणारं नव्हतं, म्हणून त्यांना पहिल्यांदा शांतपणे विचार करता आला.

इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे बॅटरी चांगली. टाकी अर्धी भरलेली. मग राहिलं काय? त्यांनी किल्ली अर्धीच फिरवून कान दिला. नवरा गाडी चालू करतो तेव्हा आधी मागच्या सीटखालून घूं असा बारीक आवाज येतो, हे त्यांच्या कानाने केव्हाच टिपून ठेवलं होतं. आज तो आवाज नव्हता. आपल्या हातात तो कधीच येत नव्हता, हेही त्यांना आत्ता लक्षात आलं. हाताचा आणि त्या आवाजाचा काय संबंध? पाय थरथरला म्हणून पेट्रोलचा पंप मुका होत नाही. ज्या बाईने जन्मभर पोरींना कारणाशिवाय काही घडत नाही हे शिकवलं, तिने इतके महिने "प्रत्येकाचा हात असतो" हे ऐकून घेतलं, याचा त्यांना भयंकर राग आला. तो राग अजून स्वतःवरच होता.

नाक्यावर लालमन नावाचा गाड्यांची वायरिंग करणारा मिस्त्री होता. घराला सगळ्यांत जवळचा म्हणून त्यांनी त्याला बोलावून आणलं.

"पंप चलत नाहीं," बकुळताईंनी सांगितलं. "पीछे से आवाज ही नहीं आती."

लालमनने फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. रिले बदलून पाहिला, तोही चांगला. मग त्याने तपासायचा दिवा पंपाच्या तारेला लावला. दिवा लागला नाही.

"यहाँ तक करंटै नाहीं आवत हौ," तो म्हणाला.

"मग इकडून बघत जा," बकुळताई मराठीतच बोलून गेल्या आणि त्यांनी स्वतःच गालिचा उचलला. तार पुढच्या सीटकडे गेली होती. दोघं वाकून तिच्या मागे मागे गेले. ड्रायव्हरच्या सीटखाली तार मध्येच कापून जोडलेली होती, वर लाल टेप. लालमन त्या टेपकडे बघत राहिला आणि एकदम हसला.

"अरे, ई त हमरे हाथ क जोड़ हौ, माताजी. चोर-स्विच. बाबूजी गाड़ी लेके दुकान पर आए रहलन. कहलन, चोर क डर हौ." त्याने सीटखाली हात घालून खटका दाबला. मागून घूं आवाज आला. "रउआ के नाहीं मालूम?"

बकुळताईंना मालूम नव्हतं. सीट मागे ढकलायला खाली गेलेला तो हात त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होता. गाडी त्यांच्या नावाची, घर त्यांच्या संसाराचं, आणि चोर कोण, तर त्याच.

तेवढ्यात ई-रिक्षा थांबली आणि पाहुण्यांना देवदर्शनाच्या रांगेत सोडून आलेले यज्ञेश्वरराव हातात गंगाजळाचा तांब्या घेऊन उतरले. उघडा दरवाजा, उचललेला गालिचा आणि लालमन बघून त्यांना काय ते कळलं. तरी आवाज चढला नाही.

"अगं, काळजीपोटी केलं मी. त्या पुलावर ट्रक कसे येतात ते तू बघतेस. खामखा एखाद्या दिवशी काही झालं असतं म्हणजे? सुशांतलाही विचारलं होतं. त्यालाही पटलं."

सुशांत म्हणजे त्यांचा मुलगा. पुण्याहून दर रविवारी फोन करायचा आणि न चुकता विचारायचा, "आई, गाडी काय म्हणतेय?" बकुळताईंना त्या प्रश्नाचं फार कौतुक होतं. पोराला आईच्या शिकण्याची आठवण राहते, असं त्या शेजारणींना सांगायच्या.

"मला डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं?" त्यांनी विचारलं.

यज्ञेश्वररावांनी तांब्या खाली ठेवला. तेच घेऊन गेले होते.

"माझा पाय दाखवलात तुम्ही. तिथे बसून ऐकलंत, वयाने पकड कमी होते म्हणून. आणि येताना मला लस्सी पाजलीत."

"चिडू नकोस. मी तुला आजवर कधी नाही म्हटलंय का?"

"नाही म्हटलं असतंत तर मी भांडले असते," बकुळताई म्हणाल्या. "हरले असते, नाहीतर जिंकले असते. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाहीत. मी आपली माझ्याच पायाशी भांडत बसले."

यज्ञेश्वररावांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. गोड बोलून केसाने गळा कापणाऱ्यांना शेवटी लोकांचीच भीती. ते एवढंच म्हणाले, "लोकांसमोर नको." लोक म्हणजे एकटा लालमन, आणि तो बिचारा मान खाली घालून पकड पुसत होता.

"स्विच निकाल दो, भैया. तार सीधी जोड़ दो," बकुळताईंनी सांगितलं. लालमनने एकदा बाबूजींकडे पाहिलं. "गाड़ी मेरे नाम पर है," बकुळताई म्हणाल्या, तेव्हा तो सीटखाली शिरला. काम होईपर्यंत नवरा-बायको दोन बाजूंना उभे होते. तार जोडून झाली, बकुळताईंनी किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. यज्ञेश्वररावांनी दुसऱ्या बाजूच्या दरवाजाला हात घातला. तो दरवाजा आतून बंद होता.

पूल आला, पुलावर ट्रकही होते, एक तर भोंगा वाजवत अगदी मागे लागला होता. बकुळताईंनी त्याला हवा तेवढा वाजवू दिला. पुलाच्या मध्यावर गाडी बंद पडली नाही. पाय क्लचवर घट्ट होता. त्यांना रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं होतं, आणि संतापात गाडी बरी चालते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शाळेत पोचेपर्यंत पहिला तास निम्मा सरला होता. ऑफिसात उपाध्याय मॅडम आणि क्लार्क बसले होते.

"मैडम, फिर गाड़ी?" प्राचार्यांनी विचारलं.

हो, बॅटरी उतरली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. घरातलं घरात राहिलं असतं. बायका अशा वेळी हेच म्हणत आल्या आहेत. बकुळताईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"गाड़ी में कुछ नहीं था," त्या म्हणाल्या. "मेरे पति ने छुपाकर स्विच लगवा रखा था, ताकि मैं चला न सकूँ. आज निकलवा दिया. अब देर नहीं होगी. रखना हो तो रखिए, नहीं तो आज का आधा पीरियड पढ़ाकर चली जाऊँगी."

क्लार्क हसायला लागला आणि प्राचार्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. त्यांनी त्याला वर्गात पाठवलं, मुलींना सांग बाई आल्यात म्हणून. तो गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. रोज दिराच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेत येणारी ही बाई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"हमारी स्कूटी चार साल से आँगन में खड़ी है," त्या हळूच म्हणाल्या. "घर में कहते हैं, इंजन बैठ गया है."

मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

"आप क्लास में जाइए. बस, जाने से पहले उस मिस्त्री का नंबर बोल दीजिए."