ओसरीची राहिलेली भिंत

रंग द्यायला घरात पाऊल टाकलं की ती आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची. कलिंगड घेताना आपण वाजवून बघतो ना, तशी. मान तिरकी करून आवाज ऐकायची आणि मालकाकडं न बघता सांगायची, "हितं पोकळ हाय."

मालक म्हणायचा, "जाईल की रंगात झाकून."

मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं. "झाकायचंच असंल तर चादर घ्या. मला कावून बोलावलं?"

तुमच्या वस्तीतही असं एखादं माणूस असेल. बोलताना टोचणारं, आणि दिसेनासं झालं की आठवणारं. मला ती बाई पहिल्यांदा आवडली नव्हती. खोटं कशाला लिहू.

आमची सोसायटी केजच्या बाहेर. सहकारी सूतगिरणीच्या कामगारांनी मिळून बांधलेली. दोन रांगा, सगळी घरं एकाच साच्यातली, प्रत्येकाला पुढं ओसरी. मी गिरणीत फिटर होतो, म्हणून सगळे मिस्तरी म्हणतात. दुष्काळ पडला, कापूस येईना, गिरणी थांबली. मग बोअर आटले. मग माणसं पोरांकडं निघाली, कुणी पुण्याला, कुणी नगरला. घर विकायला काढलं की पहिलं बोलावणं हिला. नवरा रंगारी होता. तो गेला आणि हिनं त्याची शिडी उचलली. लुगड्याचा पदर खोचून, केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा कुंचा बांबूला बांधून एकटी अख्खं घर पांढरं करायची. चुन्यात नीळ किती टाकायची हे तिचं तिला ठाऊक.

चुना विझवायला पाणी लागतं आणि पाणी तर टँकरचं. पण मालकाच्या पिंपातलं पाणी ती घ्यायची नाही. आपली घागर घेऊन बायांच्या रांगेत उभी राहायची. कुणी म्हणालं, घ्या की आमच्यातलं, तर म्हणायची, "तुमच्या प्यायच्या पाण्यानं रंगवली तर भिंत शिव्या देईल मला."

दलालाचं आणि तिचं कधी जमलं नाही. दलाल फटफटीवर यायचा आणि घरमालकाला शिकवायचा. देव्हारा आत घ्या, औषधाच्या बाटल्या काढा, गुलाबी डिस्टेंपर मारा. "पार्टीला घर कसं हसरं दिसलं पायजे," म्हणायचा.

ती शिडीवरून विचारायची, "घराला दात कुठं हायत हसायला?"

शेजारच्या तात्यांचं घर विकायचं होतं तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक म्हणून एक गुरुजी येणार होते. दलालाच्या सांगण्यावरून तात्यांनी सकाळीच टँकर आणून हौद काठोकाठ भरला आणि गुरुजी आल्यावर नळ सोडून ठेवला. धो धो पाणी. दुष्काळात असं पाणी बघितल्यावर माणूस खुळा होतो. गुरुजींनी सहज वर शिडीकडं बघून विचारलं, "बाई, बोअरला पाणी बारमाही आहे का?"

"पावसाळ्यात हाय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बोअरलाच तहान लागती."

गुरुजी निघून गेले. तात्या तापले. "तुला रंग मारायला बोलावलं हुतं. तोंड मारायला न्हाई."

"रंग तुमचा, तात्या. तोंड माझं हाय. घेऊन आलते घरून."

तात्यांनी तिला तिथंच हाकललं. अर्ध्या घराचा रंग तसाच राहिला. मीही म्हणालो, बरं झालं, लई शहाणी. आठ दिवसांनी गुरुजी परत आले. तात्यांना न भेटता आधी तिच्या खोपटावर गेले आणि म्हणाले, "तुम्ही पाण्याचं खरं सांगितलं. आता भिंतींचं सांगा."

ती म्हणाली, "भिंती पक्क्या हायत. मागच्या न्हाणीला तेवढी ओल हाय. बाकी घर चांगलंय, माणूस तापट हाय. पण तो काय तुमाला घरासंगं मिळणार न्हाई."

गुरुजींनी घर घेतलं. उरलेला रंग तिनंच दिला. तात्यांनी चहा केला, तो तिनं घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "साखर कमी हाय." तेव्हापासून घर बघायला येणारी माणसं विचारू लागली, ह्या घराला रंग कुणी दिलाय. तिनं दिलाय म्हटलं की अर्धी चौकशी तिथंच संपायची.

मग माझी पाळी आली.

कौसा, माझी मंडळी, जाऊन सात महिने झाले होते. पोरगा पुण्याला. तो फोनवर रोज म्हणायचा, "आण्णा, एकटे राहू नका, घर काढून टाका, इकडं या." मी हो म्हटलं. एकट्या माणसाला नाही म्हणायलाही जोर लागतो. दलाल आला, घर फिरला आणि आतल्या खोलीत दाराशेजारी थांबला. तिथं भिंतीवर दीड हात उंचीवर थाळीएवढा काळपट डाग आहे. खोबरेलाचा. कौसा तिथं बसायची. सूप घेऊन निवडणं असो की माझी गिरणीतली पाळी सुटायची वाट बघणं असो, जागा तीच, आणि डोकं मागं भिंतीला टेकलेलं. मी ओरडायचो, भिंत खराब करतीस. ती म्हणायची, "मी कुठं टेकते? भिंतच टेकती मला."

दलाल म्हणाला, "हे आधी काढा. पार्टी विचारंल, घरात कोण आजारी हुतं का, कोण गेलं का. सौदा मोडतो मग."

दुसऱ्या दिवशी ती रंगारी बाई आली. पुढून मागपर्यंत सगळ्या भिंती वाजवल्या. ह्या डागापाशी आली आणि हात खाली घेतला. तेवढी एक जागा तिनं वाजवली नाही.

"कुणाचा, मिस्तरी?"

"मंडळीचा."

"काढायचा तर पार गिलाव्यापत्तर खरवडावं लागंल. तेल लई आत गेलंय."

"दलाल म्हणतो काढा."

"दलालाची मंडळी बसत हुती व्हय हितं?"

मी चिडलो. म्हणालो, "बाई, घर विकायचंय. डाग ठेवून कोण घेतंय?"

"विकायचंय तुमाला, का पोराला?"

"तुमी रंगाचं बघा."

"बघतेच हाय," ती म्हणाली आणि कुंचा बुडवला.

खरवडलं नाही. काहीच केलं नाही. सरळ डागावरून चुन्याचे दोन हात दिले. दिवस मावळेपर्यंत भिंत कोरी झाली, तिथं कधी कुणी बसलंच नव्हतं अशी. मला भाकर गोड लागेना. ती ओसरीत कुंचा झटकत होती. तिथूनच म्हणाली, "मिस्तरी, तेलावर चुना धरत न्हाई. वाळला की पापुद्रा सुटंल. पंधरा-वीस दिवसात डाग परत वर येतोय."

"मग मारला कशाला?"

"दलाल उद्या बघायला येणार. पांढरं दिसलं की गप बसंल. तुमाला तेवढी मुदत."

"म्हंजे तुमीबी झाकताच की, बाई."

ती हसली. तिला हसताना मी तेवढं एकदाच बघितलं. "झाकलेलं झाकलेलंच राहत असतं, मिस्तरी. हे राहणार न्हाई. विकायचंच ठरलं तर सांगा. मी येऊन खरवडून देईन, पैसा घेणार न्हाई. पण तुमच्या तोंडानं सांगा. पोराच्या न्हाई, दलालाच्या न्हाई."

ओसरीची डावी भिंत तेवढी राहिली होती. चुना संपला होता. "परवा येते," म्हणाली आणि कुंचा, डबा तिथंच ठेवून गेली.

परवा ती आली नाही. ताप होता म्हणे. माजलगावहून लेक येऊन तिला घेऊन गेली.

इकडं भिंत सुटायला लागली. आधी नखाएवढा पापुद्रा, मग बोटाएवढा. सकाळी उठलो की खाली पांढरी पापडी पडलेली असायची. मी ती झाडली नाही. पंधराव्या दिवशी कौसाचं डोकं टेकायची जागा मला पुरती दिसली. मी समोर जाऊन बसलो. बराच वेळ बसलो.

त्याच आठवड्यात दलाल पार्टी घेऊन आला. नवरा-बायको होते, चांगली माणसं. बाईंनी डागाकडं बोट केलं. दलाल घाईनं म्हणाला, "ओल हाय थोडी. जाईल."

"ओल न्हाई," मी म्हणालो. "माझी बायको बसायची हितं. सहकाराच्या कर्जात तिनं दागिने घालून बांधलेलं घर हाय. विकायचं न्हाई."

दलाल म्हणाला, "मिस्तरी, पार्टीसमोर असं बोलतात का? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"आजच आलंय," मी म्हणालो. त्या बाईंनी जाताना डागाकडं बघून हात जोडले. दलालानं फटफटीला लाथ मारली, ती सुरू व्हायला चार लाथा लागल्या.

मला हे त्या रंगारी बाईला सांगायचं होतं. माझ्या तोंडानं. माजलगावच्या जीपवाल्याकडं निरोप दिला, की खरवडायला येऊ नका, पण ओसरीची भिंत राहिलीय, तेवढी करा. चार दिवसांनी जीपवाला परत आला तर माझ्याकडं बघेना. निरोप पोचायच्या आधीच ती गेली होती.

पोरगा अजून फोन करतो. "आण्णा, घराचं काय?"

"रंग चालू हाय."

"अजून? वर्ष होत आलं की."

"एक भिंत राहिलीय ओसरीची. अर्धवट घर कुणाला दाखवणार?"

मग तो पाऊसपाण्याचं विचारतो. कळतं त्याला. माझा पोरगा आहे, वेडा नाही.

कुंचा ओसरीतच खुंटीला आहे, चुन्यानं दगडासारखा झालेला. दुसरा रंगारी मागं दोनदा विचारून गेला, त्याला नको म्हटलं. सकाळी चहा घेऊन मी त्या राहिलेल्या भिंतीपाशी बसतो. आसपास कुणी नसलं की पेरानं वाजवून बघतो, मान तिरकी करून.

पक्की आहे.