चुलत्याची तिथी

आमच्या घरात लढाईचा इतिहास देव्हाऱ्यात होता आणि तो कोणीही वाचलेला नव्हता. माझे आजोबा मराठा पलटणीत नाईक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला बोटीने इराकातल्या बसऱ्याला नेलं आणि तिथून वाळवंटातल्या टायग्रीस नदीच्या काठाकाठाने वर. आजोबा परत आले, धाकटा आला नाही. आल्यावर त्यांनी सगळं एका वहीत मोडीत लिहून काढलं आणि पुढे त्या विषयावर जन्मभर तोंड उघडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडचं गाव सोडून आमच्या बोळिंजच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा ती वहीही लाल फडक्यात बांधून आली. शस्त्राने मेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला घालतात. आबांच्या त्या चुलत्याचं, म्हणजे धाकट्याचं, तसंच आजोबा घालत, त्यांच्यामागे आबा. पण आबांनी एकच ध्यास घेतला होता. "वहीत तो गेला ती खरी तिथी असणार. माझ्या हातून एकदा तरी नीट होऊ दे." त्यांची नजर जात चालली होती आणि मोडी घरात कोणालाच येत नव्हती.

खूप हिंडल्यावर जवळच्या निर्मळ गावात एक म्हातारे काका सापडले. जमिनीचे जुने कागद वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला. दर रविवारी आबांना स्कूटरवर बसवून मी त्यांच्या केळीच्या वाडीत नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी वही उघडली आणि माझं डोकं फिरलं. दर दसऱ्याला आबा आजोबांच्या पदकाबरोबर तिचीही पूजा करत. पाणी शिंपडायचं, गंध, हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. चाळीस वर्षं! पानं एकमेकांना चिकटली होती.

"आबा, वही पुजायची असते की वाचायची?" मी परक्या माणसासमोर ओरडलो. मला लाज वाटली, पण राग काही जाईना.

त्यात काका एका बैठकीला दोन पानं वाचत. "पानी उतरलं आन बोटी गाळात रुतल्या, असं लिवलंय. आमच्या खाडीत पन अशाच रुततात." की मग अर्धा तास खाडी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मी घड्याळ बघत चडफडायचो. आबा मात्र मान पुढे काढून ऐकत. उन्हात चालून फुटलेले पाय, माश्या, मग तुर्कांचा वेढा आणि नदीकाठच्या गावात महिनोन् महिने अडकलेली पलटण.

पितृपक्षाच्या आधीच्या रविवारी काका वाचता वाचता थांबले.

"भाऊ, वाचू ना?" त्यांनी आबांना विचारलं. आबांनी मान हलवली.

'दाणा संपला. साहेबाने घोड्याचं मांस खायचा हुकूम दिला. धाकटा तयार झाला. मी त्याला आईची शपथ घातली. बाटून घरी काय तोंड दाखवशील, म्हटलं. त्याने ताट बाजूला सारलं.'

पुढच्या चार पानांचा नुसता लगदा झाला होता. मी सुरीच्या टोकाने ती सोडवायला गेलो आणि टरकन फाडली. मी स्वतःलाच एक शिवी हासडली. लगद्यानंतरच्या पानावरची पहिली ओळ तेवढी स्वच्छ होती. 'मग मी खाल्लं.'

तिथी गेली ती गेलीच. आबांनी वहीवर हात ठेवला.

"म्हणजे बाबांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "तो शस्त्राने मेलाच नव्हता. तरी चतुर्दशीलाच घालत राहिले."

मला आजोबांचा इतका संताप आला की घरापर्यंत मी स्कूटर दामटत आणली.

त्या वर्षी आबांनी चतुर्दशी तशीच जाऊ दिली. तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्री अमावास्येला घालतात, तसं घातलं. माझी बायको स्वयंपाकघरात पान वाढत होती. आबा भिंत धरत धरत तिच्यापाशी आले आणि पानावरची भाताची मूद हाताने चाचपून बघितली.

"सूनबाई, अजून वाढ," ते म्हणाले. "उपाशी गेलाय तो."